चित्र बरोबर, आवाज पुढे! – डीव्हीडीवरील ध्वनीचे गणित

समजा, तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण झाले आहे. चित्र छान आले. पण कॅमेरा मंडपाच्या मागच्या टोकाला असल्यामुळे त्यातील आवाज पुसट आहे. सुदैवाने एका विद्यार्थ्याने व्यासपीठाजवळ वेगळा ध्वनिमुद्रक ठेवला होता. तेव्हा चित्र कॅमेऱ्यातले आणि आवाज त्या ध्वनिमुद्रकातला घ्यायचा, दोन्ही एकत्र करून डीव्हीडी तयार करायची आणि निरोपसमारंभाला ती दहावीच्या मुलांच्या हाती द्यायची, असे ठरते. काम सोपे वाटते. प्रत्यक्षात मात्र तीनपैकी एक तक्रार हमखास उद्भवते.

पहिली तक्रार अशी, की डीव्हीडी तयार करणारी आज्ञावली ध्वनीची फाइल स्वीकारतच नाही. दुसरी अशी, की फाइल स्वीकारली जाते, पण समूहगीत घाईघाईने आणि चढ्या सुरात वाजते. मुख्याध्यापकांचे भाषण एखाद्या लहान मुलाने केल्यासारखे ऐकू येते. तिसरी तक्रार सर्वांत फसवी. कार्यक्रमाच्या सुरुवातीला सारे ठीक असते. पण तास उलटेपर्यंत ओठांची हालचाल आणि शब्द यांची फारकत झालेली असते.

अशा वेळी बहुतेक जण संगणकाला दोष देतात, किंवा दिसेल ते बटण दाबून पाहतात. वास्तविक या तीनही तक्रारींच्या मागे साधे अंकगणित आहे. ते समजले, की बिघाडाचे निदान कागद-पेन्सिल घेऊनही करता येते.

आवाजाचे आकडे कसे होतात?

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबात होणारे जलद चढउतार, हे तुम्ही शिकला आहात. ध्वनिग्राहक या चढउतारांचे विद्युत्‌दाबात रूपांतर करतो. संगणकाला मात्र फक्त आकडे समजतात. म्हणून हा विद्युत्‌दाब ठरावीक वेळाने मोजायचा आणि प्रत्येक मोजणीचा आकडा लिहून ठेवायचा. अशा एका मोजणीला ‘नमुना’ म्हणू या आणि एका सेकंदात किती नमुने घेतले, त्या संख्येला ‘नमुनादर’.

रुग्णालयात रोग्याच्या खाटेला तापाचा तक्ता लावलेला असतो, तो आठवा. दर चार तासांनी ताप मोजतात आणि बिंदू जोडून आलेख काढतात. पण दोन मोजण्यांच्या मधल्या वेळेत ताप चढून उतरला, तर तक्त्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. ध्वनीचेही तसेच आहे. नमुने विरळ घेतले, तर जलद कंपने निसटतात. मग किती नमुने पुरेसे? हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ सालच्या आणि क्लॉड शॅनन यांच्या १९४९ सालच्या लेखनातून याचे उत्तर मिळाले. ध्वनीतील सर्वांत मोठी वारंवारता जितकी असेल, तिच्या दुपटीहून अधिक नमुने दर सेकंदाला घ्यावे लागतात. माणसाच्या कानाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. म्हणजे सेकंदाला ४०,००० हून थोडे अधिक नमुने घेतले की आपले काम भागते.

दोन आकड्यांची कूळकथा

१९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी सेकंदाला ४४,१०० नमुने हा दर ठरवला. ४४,१०० हा विचित्र आकडा का? सरळ ४४,००० किंवा ४५,००० का नाही? याचे उत्तर मोठे गमतीचे आहे.

दोन वाहिन्यांचा ध्वनी प्रत्येक नमुन्याला १६ द्विमान अंक वापरून साठवायचा, तर सेकंदाला ४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० द्विमान अंक नोंदवावे लागतात. १९७० च्या दशकात साध्या ध्वनिफितीला हे झेपणारे नव्हते. झेपत होते ते दूरदर्शनचे चित्र नोंदवणाऱ्या व्हिडिओ यंत्राला. म्हणून अभियंत्यांनी युक्ती केली. ध्वनीचे आकडे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात चित्राच्या ओळींत बसवले. प्रत्येक ओळीत प्रत्येक वाहिनीचे तीन नमुने मावत. अमेरिका-जपानच्या पद्धतीत सेकंदाला ६० अर्धचित्रे आणि प्रत्येकात वापरता येण्याजोग्या २४५ ओळी. युरोपच्या पद्धतीत ५० अर्धचित्रे आणि प्रत्येकी २९४ ओळी. आता गुणाकार करून पाहा:

६० × २४५ × ३ = ४४,१००
५० × २९४ × ३ = ४४,१००

दोन्ही पद्धतींत एकच आकडा बसतो! चित्राच्या ओळींच्या हिशोबातून निघालेला हा आकडा पुढे संगीताच्या तबकडीला कायमचा चिकटला.

चित्रपट आणि दूरदर्शनच्या तंत्रज्ञांनी मात्र ४८,००० हा दर पसंत केला. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे असतात, आपल्याकडील दूरदर्शनच्या पद्धतीत २५. ४८,००० ला २४ ने भागले तर २,००० येतात आणि २५ ने भागले तर १,९२०. प्रत्येक चित्राच्या वाट्याला नमुने पूर्णांकात येतात. ४४,१०० ला २४ ने भागून पाहा, १,८३७.५ येतात. अर्धा नमुना कोणत्या चित्राला द्यायचा? चित्र कापणाऱ्या-जोडणाऱ्यांना असले अपूर्णांक नकोसे वाटणे साहजिक आहे. १९९६ साली जपानात चित्रपटांची डीव्हीडी प्रथम विक्रीस आली, तेव्हा तिच्या नियमांत ४८,००० हाच दर आला. संगीताच्या सीडीवरून घेतलेली फाइल डीव्हीडीत जशीच्या तशी बसत नाही, त्याचे मूळ येथे आहे.

डीव्हीडीच्या दारावरचे नियम

चित्रपटांची डीव्हीडी वाजवणारे यंत्र संगणकासारखे बहुगुणी नसते. त्याला मोजकेच ध्वनिप्रकार समजतात. त्यांपैकी आपल्या कामाचे तीन.

पहिला, साधे न दाबलेले नमुने. यालाच पीसीएम म्हणतात. दर ४८,००० (किंवा त्याची दुप्पट, ९६,०००) आणि प्रत्येक नमुन्याला १६, २० किंवा २४ द्विमान अंक. दुसरा, डॉल्बी डिजिटल, म्हणजेच एसी-३. तिसरा, एमपीईजीचा दुसरा थर, ज्याच्या फाइलीच्या नावाअखेर बहुधा एमपी२ असते. सेकंदाला २५ चित्रांच्या पद्धतीत हा तिसरा प्रकार चालतो; पण अमेरिका-जपानच्या पद्धतीतील सर्व यंत्रांवर तो वाजेल, अशी खात्री देता येत नाही. मागच्या दोन्ही प्रकारांतही दर ४८,००० च हवा.

या यादीत एमपी३ नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. आपल्याजवळची बहुतेक गाणी त्याच स्वरूपात असतात, आणि पहिल्या तक्रारीचे सर्वांत साधे कारण हेच असते. काही आज्ञावल्या एमपी३ फाइल घेऊन तिचे रूपांतर आपले आपण करतात. काही सरळ नकार देतात.

तीन प्रकारांपैकी कोणता निवडावा? थोडा हिशोब करू. पीसीएममध्ये सेकंदाला ४८,००० × १६ × २ = १५,३६,००० द्विमान अंक, म्हणजे आठाने भागून १,९२,००० बाइट लागतात. दोन तासांच्या कार्यक्रमाला १३८ कोटींहून अधिक बाइट झाले. एकथरी डीव्हीडीची क्षमता सुमारे ४७० कोटी बाइट असते. म्हणजे जवळजवळ तीस टक्के जागा एकट्या आवाजाने अडवली. तेवढे चित्राच्या वाट्याचे कमी होते. तोच आवाज सेकंदाला १,९२,००० द्विमान अंकांच्या एसी-३ मध्ये ठेवला, तर सुमारे १७ कोटी बाइट पुरतात. म्हणून छोट्या कार्यक्रमाला पीसीएम आणि लांब कार्यक्रमाला एसी-३, असा व्यवहार ठेवावा.

वेष्टनावर जाऊ नका

येथे एक सावधगिरी. फाइलीच्या नावापुढे ‘वेव्ह’ आहे, म्हणजे आत पीसीएमच असणार, असे पुष्कळ जण समजतात. पण वेव्ह ही नुसती पेटी आहे. पेटीच्या आरंभी माहितीचा एक तक्ता असतो. त्यात आतील मालाचा सांकेतिक क्रमांक, वाहिन्यांची संख्या, नमुनादर आणि प्रत्येक नमुन्याचे द्विमान अंक लिहिलेले असतात. क्रमांक १ असेल तर आत साधा पीसीएम असतो. ३ असेल तर नमुने दशांशचिन्ह सरकणाऱ्या स्वरूपात असतात. ध्वनिसंपादनात असे ३२ अंकी नमुने सोयीचे पडतात, पण डीव्हीडीला ते चालत नाहीत. आणि क्रमांक ८५ असेल, तर पेटी वेव्हची आणि आत चक्क एमपी३! डब्यावर ‘साखर’ लिहिले आहे म्हणून आत साखरच असेल असे नाही, हे तुमच्या घरातील स्वयंपाकघरही सांगेल. म्हणून फाइल अडली की नाव पाहू नका. फाइलीचे तपशील दाखवणारी खिडकी उघडून आतला प्रकार, दर आणि अंकसंख्या पाहा.

नावाचा शेवट हाताने बदलून ‘एमपी३’चे ‘वेव्ह’ केल्याने काहीही साधत नाही, हे निराळे सांगायला नकोच.

गाणे वरच्या पट्टीत का गेले?

आता दुसरी तक्रार. सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन साठवलेले गाणे यंत्राने ४८,००० च्या दराने वाजवले, तर काय होईल? नमुने तेवढेच, पण ते लवकर संपतील. काळ ४४,१००/४८,००० पट, म्हणजे १४७/१६० पट होईल. पाच मिनिटांचे गाणे ४ मिनिटे ३५.६ सेकंदांत आटोपेल. त्याच वेळी प्रत्येक कंपनही त्याच प्रमाणात जलद होईल, म्हणून वारंवारता १६०/१४७ = १.०८८ पट होईल. पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये १.०५९५ पटींचे अंतर असते. त्यामुळे सूर सुमारे दीड पट्टी चढेल. ‘काळी एक’मध्ये गायलेले गाणे ‘पांढरी दोन’ आणि ‘काळी दोन’ यांच्या साधारण मधोमध जाऊन बसेल. साथीला पेटी घेऊन बसलात, तर एकही पट्टी जुळणार नाही!

जुन्या डीव्ही कॅमेऱ्यांतून आणखी एक नमुना मिळतो. या कॅमेऱ्यांत ध्वनी नोंदवण्याच्या दोन रीती होत्या: एक ४८,००० दराची, १६ अंकी, दुसरी ३२,००० दराची, १२ अंकी. दुसऱ्या रीतीतील आवाज चुकून ४८,००० ने वाजला तर वारंवारता ४८/३२, म्हणजे बरोबर दीडपट होते. संगीत शिकणाऱ्यांना हे प्रमाण ओळखीचे आहे. षड्जाच्या जागी पंचम! अशा रीतीने सूर किती चढला यावरूनच मूळ दर कोणता होता, हे सांगता येते.

असे घडते केव्हा? माहितीचा तक्ता नसलेली कच्ची फाइल घेतली, तर दर किती हे आज्ञावलीला अंदाजाने किंवा तुमच्या सांगण्यावरून मानावे लागते. किंवा कोणी तरी फक्त तक्त्यातला आकडा बदललेला असतो. ४४,१०० खोडून ४८,००० लिहिले म्हणजे रूपांतर झाले, ही समजूत चुकीची आहे. फूटपट्टीवरचे आकडे बदलल्याने कापड लांब होत नाही. ऑडॅसिटी या मोफत मिळणाऱ्या ध्वनिसंपादकात या दोन गोष्टींसाठी दोन वेगळ्या आज्ञा आहेत. ध्वनिपट्टीचा ‘रेट’ बदलला तर फक्त वाजवण्याचा वेग बदलतो. ‘रीसॅम्पल’ केले तर नवे नमुने काढले जातात आणि सूर व काळ दोन्ही जागच्या जागी राहतात. आपल्याला हवे असते ते दुसरे.

व्हर्नियरची आठवण

नवे नमुने काढायचे म्हणजे काय? तुमच्या प्रयोगशाळेतील व्हर्नियर कॅलिपर डोळ्यांपुढे आणा. मुख्य पट्टीच्या आणि व्हर्नियरच्या रेघा एका ठिकाणी जुळतात, मग हळूहळू सरकत जातात आणि पुढे पुन्हा जुळतात. ४४,१०० आणि ४८,००० यांचा मसावि ३०० आहे. म्हणजे सेकंदाच्या दर तीनशेव्या भागात जुन्या पट्टीच्या १४७ रेघा आणि नव्या पट्टीच्या १६० रेघा बसतात. दोन्ही टोकांच्या रेघा तेवढ्या जुळतात. मधल्या १५९ ठिकाणी जुना नमुना नसतोच. तेथील दाब शेजारच्या अनेक नमुन्यांवरून गणिताने काढावा लागतो. हे गणित चांगल्या आज्ञावलीने केले, तर कानाला फरक कळत नाही. घाईच्या, निकृष्ट रूपांतरात मात्र मूळ आवाजात नसलेली खरखर उमटू शकते.

एक मर्यादा लक्षात ठेवा. सेकंदाला ८,००० नमुने घेणाऱ्या ध्वनिमुद्रकात ४,००० हर्ट्‌झच्या वरचे सूर मुळात शिरलेलेच नसतात. त्या फाइलीचे ४८,००० मध्ये रूपांतर केल्याने डीव्हीडी ती स्वीकारील. पण हरवलेले सूर परत येणार नाहीत. दुधात पाणी घातले की माप वाढते, साय वाढत नाही.

ओठ आणि शब्द यांची फारकत

तिसऱ्या तक्रारीकडे वळू. येथे आलेखाची मदत घ्या. कार्यक्रमात पाच-सहा ठिकाणे निवडा, जेथे चित्र आणि आवाज यांचा एकच स्पष्ट क्षण सापडतो: टाळी, ढोलकीवरची थाप, टेबलावर आपटलेला हात. प्रत्येक ठिकाणी आवाज किती सेकंद पुढे किंवा मागे आहे, ते मोजा. आडव्या अक्षावर कार्यक्रमाची वेळ आणि उभ्या अक्षावर हे अंतर घेऊन बिंदू मांडा. तीन प्रकारचे आलेख मिळू शकतात.

आलेख आडव्या अक्षाला समांतर आला, तर अंतर सगळीकडे सारखे आहे. केवळ सुरुवात चुकली आहे. एमपी३ तयार होताना आरंभी थोडी शांतता जोडली जाते, हेही त्याचे एक छोटे कारण असते. सगळा ध्वनी तेवढाच सरकवला की काम झाले.

आलेख तिरकी सरळ रेषा असेल, तर चित्राचे घड्याळ आणि ध्वनीचे घड्याळ यांच्या वेगांत फरक आहे. रेषेचा चढ तुम्हाला रोगाचे नाव सांगतो. तासाला ४ मिनिटे ५२.५ सेकंद असा चढ असेल, तर तो ४४,१०० आणि ४८,००० यांचा घोटाळा. तासाला २ मिनिटे २४ सेकंद असेल, तर २४ आणि २५ चित्रांचा. तासाला ३.६ सेकंद असेल, तर अमेरिकन पद्धतीतील ३० आणि २९.९७ चित्रांचा, तिकडे राहणाऱ्या नातेवाइकांच्या जुन्या चित्रफिती जोडताना हा भेटतो. आणि चढ अगदी थोडा असेल, तर कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक यांच्यातील क्वार्ट्‌झ स्फटिकांचा तो फरक असू शकतो. दशलक्षात ५० भाग इतका जरी फरक असला, तरी तासाभरात ०.१८ सेकंद साचतात. अशा वेळी ध्वनीची एकूण लांबी तेवढ्या प्रमाणात ताणावी किंवा आखडावी लागते.

आलेखात जिन्यासारख्या पायऱ्या दिसल्या, तर मध्ये कोठे तरी काही चित्रे किंवा नमुने गळाले आहेत. तेथे ताणून उपयोग नाही. ज्या ठिकाणी पायरी आहे तेथेच कापून जुळवावे लागते. बदलत्या दाबाने बनवलेल्या एमपी३ फाइलीमुळेही असा गोंधळ होतो, कारण फाइलीचा अमुक भाग म्हणजे अमुक वेळ, हा हिशोब तेथे लागू पडत नाही. अशी फाइल आधी उलगडून पीसीएम वेव्हमध्ये आणावी, मग पुढचे काम करावे.

किती फरक आपल्याला खटकतो? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ सालच्या शिफारशीप्रमाणे आवाज चित्राच्या सुमारे ०.०४५ सेकंद पुढे गेला, तर तो लक्षात येऊ लागतो. मागे पडला तर मात्र सुमारे ०.१२५ सेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. हा पक्षपात का? निसर्गात आवाज नेहमी प्रकाशाच्या मागूनच येतो. मैदानावर ३४ मीटर दूर उभ्या असलेल्या फलंदाजाच्या बॅटचा आवाज आपल्याला सुमारे ०.१ सेकंद उशिरा येतो, आणि आपल्याला त्यात वावगे वाटत नाही. टोला बसण्याआधीच आवाज आलेला मात्र कोणी ऐकलेला नाही!

तपासणीचा क्रम

१. मूळ ध्वनीची प्रत काढून वेगळी ठेवा. सर्व प्रयोग प्रतीवर करा.
२. फाइलीचा आतला प्रकार, नमुनादर, अंकसंख्या आणि वाहिन्या कागदावर लिहा.
३. फाइल दाबलेली असेल तर एकदाच उलगडून पीसीएम वेव्हमध्ये आणा. संपादन याच रूपात करा.
४. दर ४८,००० नसेल तर नवे नमुने काढून रूपांतर करा. नुसता आकडा बदलू नका. अंकसंख्या १६ ठेवा.
५. रूपांतरापूर्वीचा आणि नंतरचा कालावधी ताडून पाहा. दोन्ही सारखे असले पाहिजेत.
६. चित्राबरोबर जुळवून आरंभी, मध्ये आणि शेवटी अंतर मोजा.
७. जागा कमी पडत असेल तरच, आणि अगदी शेवटी, एसी-३ करा.

पहिला आणि शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचे आहेत. एमपी३ आणि एसी-३ या पद्धती कानाला फारसा न जाणवणारा भाग टाकून देऊन फाइल लहान करतात. टाकलेला भाग परत मिळत नाही. दाबलेली फाइल उलगडून पुन्हा दाबली, की झेरॉक्सची झेरॉक्स काढल्याप्रमाणे दर वेळी थोडे नुकसान होते. स्नेहसंमेलन पुढच्या वर्षी पुन्हा होईल. पण घरातल्या एखाद्या कॅसेटवर पणजीच्या जात्यावरच्या ओव्या असतील, तर त्या दुसऱ्यांदा नोंदवता येणार नाहीत. तिची पहिली फाइल न दाबलेल्या रूपात जपून ठेवा. डीव्हीडीची यंत्रे आता पुष्कळ घरांतून नाहीशी झाली आहेत. मूळ नमुने जवळ असले, तर पुढे येणाऱ्या कोणत्याही साधनासाठी ते योग्य दरात बदलून घेता येतील.

सोडवून पाहा

१. ३२,००० दराने नोंदवलेले दहा मिनिटांचे भाषण ४८,००० ने वाजले, तर किती वेळात संपेल?
२. ४८,००० दराचे एक तासाचे ध्वनिमुद्रण ४४,१०० ने वाजले. किती वेळ लागेल? सूर चढेल की उतरेल?
३. आवाज आणि चित्र यांतील अंतर दहाव्या मिनिटाला ०.६ सेकंद आणि चाळिसाव्या मिनिटाला २.४ सेकंद आहे. दोष कोणता असावा?

उत्तरे: (१) ६ मिनिटे ४० सेकंद. (२) सुमारे ६५ मिनिटे १८ सेकंद. सूर सुमारे दीड पट्टी उतरेल. (३) चढ मिनिटाला ०.०६, म्हणजे तासाला ३.६ सेकंद, ३० आणि २९.९७ चित्रांचा घोटाळा.